लावलेले झाड कोणाचे?

मृगाचा पाऊस होऊन पेरण्या मार्गी लागल्या म्हणजे वऱ्हाडात आणखी एका पेरणीला आरंभ होतो. ही पेरणी विद्यार्थ्यांची. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी हे गाव घ्या. सिंदखेडराजाकडून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या वाहत्या रस्त्यावर ते वसलेले आहे. अशा गावी जुलै महिन्यात शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली कुदळी-फावडी घेऊन निघतात. शाळेच्या आवारात, स्मशानभूमीच्या कडेला, रस्त्याच्या दुतर्फा खड्डे घेतात. काळ्या पिशवीतून अलगद रोप काढून त्यात बसवितात, पायाने भोवतालची माती दाबतात, रोपाभोवती उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि घरी जातात. ह्या प्रकाराचा उपहास करणारे पुष्कळ भेटतात. खड्डा जुनाच, रोप तेवढे नवे, हा विनोद तर आता गावोगाव झिजून गेला आहे. आम्हांस त्या विनोदात भर घालावयाची नाही. चिखलात गुडघे टेकून बसलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्या क्षणी काही चांगले करीत असतो, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. आमचा प्रश्न त्या क्षणानंतरचा आहे. मुलगा उठून गेल्यावर ते झाड कोणाचे?

कायद्याच्या दृष्टीने ह्याचे उत्तर सोपे आहे. ज्याची जमीन त्याचे झाड. रस्त्याच्या कडेचे झाड रस्त्याच्या खात्याचे, शाळेतले शाळेचे, गावच्या जमिनीवरचे गावचे. परंतु उद्या त्या झाडाची पाने कोमेजली, तर लाज कोणाला वाटावी, हे कायदा सांगत नाही. आम्ही मालकी विचारतो ती ह्या अर्थाने. ज्याच्या मनाला लागते त्याचे ते झाड.

सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान बीबीहून फार लांब नाही, म्हणून येथे एका जुन्या राजनीतिग्रंथाची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय आला आहे. राज्याला जहाजे हवीत, जहाजांना लाकूड हवे. तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे अमात्य बजावतात. कारण काय देतात? ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर त्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावे. ह्यात लक्षात घेण्याजोगे हे आहे की, झाडावरचा हक्क अमात्यांनी वाढविण्यातून काढला आहे. झाड कोणी लावले ह्याची चौकशी ते करीत नाहीत. इतकी वर्षे ते जतन कोणी केले, हे पाहतात. राजसत्तेच्या कुऱ्हाडीपुढे उभा राहण्याइतका हा हक्क त्यांस बळकट वाटला.

आता आपल्या विद्यार्थ्यांकडे वळू. महाविद्यालयांतून हे काम बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेच्या द्वारे होते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांस घेऊन सुरू झाली. माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी, अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे. स्वयंसेवक झालेल्या विद्यार्थ्याने वर्षास १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजाच्या कामी द्यावे आणि दत्तक घेतलेल्या एखाद्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. शाळांतून हरित सेना वगैरे नावांनी असेच काम चालते. योजना चांगली आहे. पण विद्येचे वर्ष आणि झाडाचे वर्ष ही एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत, आणि ही गोष्ट आजवर कोणी पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.

विद्येचे वर्ष जूनमध्ये उघडते. नवी मुले, नवा उत्साह, ओली जमीन. जुलैमध्ये रोपे लागतात. त्या वेळी रोपास माणसाची फारशी गरज नसते. आषाढ-श्रावणात आकाशच त्याची आई असते. दिवाळीपर्यंत ओल टिकते. संक्रांत सरली की मात्र जमीन आवळू लागते. काळ्या मातीला भेगा पडतात, मुरमाड जागी तर खालून फुफाटा निघतो. फाल्गुन, चैत्र, वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ हे रोपाच्या जिवावरचे महिने. नेमक्या ह्याच महिन्यांत विद्यार्थी परीक्षेत बुडालेला असतो, आणि परीक्षा संपते तोच सुटी लागते. महाविद्यालयाच्या फाटकाला कुलूप लागते आणि आत रोपे पाण्याची वाट पाहत उभी असतात. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तर त्या मे महिन्यात कायमचाच निघून जातो. कोणी संभाजीनगरला, कोणी पुण्याला, कोणी जेथे काम मिळेल तेथे. रोपाला तीन उन्हाळे सोबत हवी असते. विद्यार्थ्याजवळ गावाला देण्यासारखा एकही अख्खा उन्हाळा नसतो. मुले आळशी आहेत असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा समोर मांडून पाहावे.

थोडा हिशेब करू. शंभर रोपे लावली आहेत असे धरा. संक्रांतीपासून मृगापर्यंत सुमारे वीस आठवडे होतात. एका रोपास आठवड्यातून एक लहान घागर, म्हणजे दहा लिटर पाणी दिले, तर उन्हाळाभरात त्यास दोनशे लिटर लागले. शंभर रोपांस वीस हजार. मोठ्या टँकराच्या दोन खेपांत हे सारे पाणी मावते. वीस मुलांनी पाच-पाच रोपे वाटून घेतली आणि आठवड्यास एक तास दिला, तर प्रत्येकाचे वीस तास होतात. स्वयंसेवकाच्या वर्षाच्या १२० तासांचा हा सहावा हिस्सा. काम इतके थोडे आहे. पाणीही एकंदरीने थोडेच आहे. परंतु रस्त्यावरच्या त्या एका घागरीमागे जे आहे ते थोडे नाही. ज्या भागात एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात आणि नळाला अनेक दिवसांआड पाणी येते, तेथे घागर भरण्याचे काम बहुशः बायकांच्या वाट्याला आलेले असते. ती घागर डोक्यावरून आणणाऱ्या बाईला, यातली एक त्या झाडाला घाल, असे सांगण्याचा अधिकार जुलैमध्ये रोप लावून गेलेल्यास कोठून आला? तिने नाही म्हटले तर ती वृक्षद्रोही ठरत नाही. आम्हांस वाटते, रोप लावणाऱ्याने खड्डा घेण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: वैशाखातले पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार?

आमच्या धर्मशास्त्रकारांनी लोकांच्या उपयोगाच्या कामांस ‘पूर्त’ असे नाव दिले. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तलाव, देवालय, अन्नछत्र, बाग ही पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांस. पूर्ताचे दार मात्र पुष्कळच मोकळे ठेवलेले होते. पूर्ताचा एक विधी मोठा अर्थपूर्ण आहे. विहीर बांधून झाली, बाग लावून झाली, की कर्त्याने तिचा ‘उत्सर्ग’ करावयाचा. म्हणजे ही आता माझी राहिली नाही, सर्व प्राण्यांची झाली, असे जाहीरपणे म्हणून तिच्यावरचे स्वामित्व सोडावयाचे. आजच्या रोपांवरही असा उत्सर्ग होतच असतो, परंतु तो कोणी न म्हणता, केवळ पाठ फिरविल्याने होतो. दोहोंतला भेद सूक्ष्म आहे, पण सगळे नीतिशास्त्र अशाच भेदांत राहते. उत्सर्ग करणारा स्वामित्व सोडतो आणि ती वस्तू हयात व पुरी असताना लोकांच्या हाती देतो. पाठ फिरविणारा जबाबदारी सोडतो, आणि ती कोणाच्याच हाती देत नाही.

ह्याच शास्त्रात आणखी एक वचन आहे. पडलेल्या विहिरी, फुटलेले तलाव, ढासळलेली देवळे जो पुन्हा उभारतो, त्यालाही पूर्ताचेच फल मिळते, अशा अर्थाचे ते आहे. पहिल्या कर्त्याहून दुसरा कर्ता तसूभर कमी नाही. हे आम्हांस फार मोलाचे वाटते, कारण मनुष्यस्वभाव नेमका ह्याच्या उलट आहे. कोनशिलेवर नाव पहिल्याचे कोरले जाते. गाळ काढणाऱ्याचे नाव कोणी कोरीत नाही. झाडांच्या बाबतीत तर हा अन्याय दर वर्षी घडतो. जुलैमध्ये रोप लावणाऱ्या पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. मे महिन्यात त्या रोपांना पाणी घालणाऱ्या मजुराचे नाव हजेरीपत्रकाच्या बाहेर कोठेच येत नाही. कोणी म्हणेल, त्याला मजुरी मिळाली. मुलांनी फुकट काम केले, म्हणून त्यांचे कौतुक. पण मजुरी घेतली म्हणून काळजी खोटी होत नाही. दाईने पैसे घेतले म्हणून ती मुलाला जपत नाही काय?

एक गोष्ट मात्र जुन्या लोकांनी फार ओळखून केली. पिंपळ लावण्याचा सण आमच्या पंचांगात शोधून सापडणार नाही. पिंपळाला पाणी घालण्याचा वार मात्र आहे. तुळस कोणी कधी लावली हे घरातही कोणाच्या स्मरणात नसते, पण तिला रोज सकाळी तांब्याभर पाणी घातल्याशिवाय बाई चूल पेटवीत नसे. वडाची पूजा ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे पाऊस लांबला असेल तर झाडाला सर्वांत गरज असते त्या सुमारास. (पिंपळ तर बहुधा लावलाही जात नाही, कावळ्याच्या कृपेने तो भिंतीत उगवतो आणि पुढे भिंतच खातो. तरी त्याला पाणी आहेच.) पुण्य लावण्यात न ठेवता पाजण्यात ठेवले, आणि ते एका दिवसाचे न ठेवता वारंवार करावयाचे ठेवले, ह्यात केवळ भाबडेपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. लावण्याचा सण आम्ही अलीकडे निर्माण केला. १९५० साली केंद्रात मंत्री असताना कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सवाची प्रथा घातली, ती जुलै महिन्यातच. हेतू उत्तम होता. परंतु सणाचा स्वभावच असा की तो एका दिवसात संपतो आणि दुसऱ्या दिवशी मनुष्य ताजातवाना होऊन दुसऱ्या कामाला लागतो.

सण मोठा झाला की आकडेही मोठे होतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या १ जुलैस एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. २०१७ साठी चार कोटी, २०१८ साठी तेरा कोटी आणि २०१९ साठी तेहेतीस कोटी असे लक्ष्य ठेवले. पुढे त्यांतली किती जगली ह्याविषयी वाद झाले आणि २०२१ साली चौकशीसाठी आमदारांच्या समितीची घोषणाही झाली. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, लावलेल्या झाडांचा आकडा हा सांगणाऱ्याच्या हातातला आकडा आहे. तो संध्याकाळी तयार होतो. जगलेल्या झाडांचा आकडा तयार होण्यास तीन वर्षे थांबावे लागते, आणि थांबण्याची सवय मंत्र्यांस नाही, प्राध्यापकांस नाही, आणि त्यांच्याकडे पाहून शिकणाऱ्या मुलांसही राहत नाही.

येथे हेतूचा प्रश्न पुढे येतो. मुले प्रमाणपत्रासाठी येतात, गुणांसाठी येतात, तासिका बुडविण्यासाठी येतात. मग त्यांच्या कृत्यास नैतिक मोल ते काय, असे विचारणारे कठोर लोक आहेत. कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या मते जे कृत्य केवळ कर्तव्य म्हणून केले, त्यालाच नीतीचे मोल. इतक्या कडक गाळणीतून बीबीचाच काय, काशीचाही वृक्षारोपण-समारंभ पार पडावयाचा नाही. आमचे मत निराळे आहे. सतराव्या वर्षी मनुष्याचे हेतू मिसळलेलेच असतात. मैत्रिणीच्या समोर कुदळ चालविण्याची हौस, गुरुजींची शाबासकी, पावसात भिजण्याचा आनंद, आणि ह्या सर्वांच्या तळाशी कोठेतरी खरोखरची कळकळ. कोणता हेतू किती, हे त्या मुलाला स्वतःलाही सांगता येणार नाही, आणि त्याला ते जुलैत विचारणे व्यर्थ आहे. जुलैत सगळे हेतू हिरवे दिसतात. चैत्राच्या दुपारी, छायाचित्रकार नसताना, गुण मिळून चुकले असताना जो त्या खड्ड्यापाशी जातो, त्याचा हेतू काय होता हे विचारण्याचे कारणच उरत नाही; आणि गंमत अशी की, त्यालाही तो हेतू तेथे गेल्यावरच कळतो. मुळाशी पाणी ओतताना ओतताना ते झाड त्याला आवडू लागते. कळकळ आधी आणि काम मागून, असा क्रम पुस्तकांत असतो. आयुष्यात बहुधा काम आधी येते.

दुसरा आक्षेप अधिक तोलाचा आहे. ही मुले स्वयंसेवक आहेत. जे स्वेच्छेने घेतले ते स्वेच्छेने सोडता आले नाही, तर ती स्वेच्छा कसली? एक दिवस दिला त्याबद्दल आभार मानावयाचे सोडून तीन वर्षांचा बोजा त्यांच्या गळ्यात बांधणे हा जुलूम नव्हे काय? ह्याचे उत्तर असे की, काही कामे अशी असतात, ज्यांत आरंभ करणे आपल्या हाती असते, पण आरंभ केल्यावर आपण पूर्वीइतके मोकळे राहत नाही. रस्त्यावरचे कुत्र्याचे पिल्लू घरी न आणणे हा दोष नाही. आणून, चार दिवस दूध पाजून, पाचव्या दिवशी पुन्हा रस्त्यावर ठेवणे हा दोष आहे. रोपवाटिकेत ते रोप सुखी होते. तेथे रोज झारीने पाणी मिळत होते. आपण त्याला तेथून उचलून मुरमात आणून बसविले. त्या क्षणी आपण निसर्गाचे जुने ऋण फेडले अशी भाषणे होतात. आमच्या मते त्या क्षणी आपण एक नवे ऋण काढले. विद्यार्थ्याने ते स्वतःच फेडावे असा आमचा आग्रह नाही. ऋण दुसऱ्याच्या नावे करता येते. फक्त त्या दुसऱ्याने ते जाणूनबुजून घेतलेले असले पाहिजे.

आणि तो दुसरा कोण? सहसा ‘गाव’ असे उत्तर मिळते. गाव म्हणजे कोण, हे मात्र विचारून पाहावे. गावच्या मोकळ्या जमिनीवर रोपे लावून कुंपण घातले, की त्या जमिनीवर दोन शेळ्या चारून पोट भरणाऱ्या भूमिहीन बाईचे चराईचे रान गेले. तिच्या शेळीने रोप खाल्ले तर तिला दंड, आणि रोप वाळले तर दंड कोणासही नाही! शेळी ही झाडाची वैरीण खरी. पण ती शेळी एखाद्या घरची औषधाची, पुस्तकांची, लग्नाची शिल्लक असते. ज्या मुलांनी रोपे लावली त्यांतल्याच एखाद्याची फी त्या शेळीतून भरली गेली असेल. त्या बाईला न विचारता लावलेले झाड गावाचे झाले असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. तिला विचारून, चाऱ्याचा एक पट्टा सोडून, जागा ठरवून लावलेले झाड पुढे तीच राखील, कारण जनावरे कोठे जातात हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते.

काय लावावे हाही नीतीचाच प्रश्न आहे, नुसता वनस्पतिशास्त्राचा नव्हे. बीबीच्या तालुक्याच्या ठिकाणी, लोणारात, उल्केच्या आघाताने झालेले जगप्रसिद्ध विवर आहे. २००० साली तो परिसर अभयारण्य झाला आणि २०२० साली तेथील सरोवराची रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली. त्या विवरात वेडी बाभूळ माजली आणि ती उपटून काढण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. ही बाभूळ मूळची येथली नव्हे. मेक्सिको, दक्षिण अमेरिका ह्या बाजूची ही काटेरी जात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणली गेली. ओसाड जमीन हिरवी व्हावी, गोरगरिबांस सरपण मिळावे, अशा सद्हेतूनेच ती जागोजाग लावली गेली. एका पिढीचे वृक्षारोपण दुसऱ्या पिढीला मुळासकट खणून काढावे लागले. तेव्हा लवकर वाढते, शेळी तोंड लावीत नाही, एवढ्याच गुणांवर झाड निवडणाऱ्यांनी एकदा त्या विवराच्या काठावर उभे राहावे. कडुनिंब, चिंच, करंज, उंबर ही झाडे हळू वाढतात खरी. पण त्यांच्याशी ह्या मातीचा, येथल्या पाखरांचा आणि येथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जुना परिचय आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाखाली येतात, त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे. आमच्या विवेचनात सर्वांत मोठी अडचण उभी करतात ते गाडगे बाबाच. कारण ते कोठेच राहिले नाहीत. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. आले, खराटा घेतला, रस्ते झाडले, रात्री कीर्तन केले, पहाटे निघून गेले. उन्हाळाभर थांबून झाडलेला रस्ता राखीत बसणे त्यांच्या वृत्तीत नव्हते. मग पाठ फिरवून जाणारा विद्यार्थी आणि पाठ फिरवून जाणारे बाबा ह्यांत भेद काय? भेद असा की, बाबा दिवसा खराटा चालवीत ते रात्रीच्या कीर्तनासाठी. रात्री तेच गाव समोर बसलेले असे. आणि प्रश्नांवर प्रश्न विचारून, हसवून, खजील करून, बाबा तो खराटा गावाच्या हाती देऊन जात. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. स्वतःस त्यांत बिऱ्हाड केले नाही, पण त्या चालविण्यासाठी विश्वस्त नेमून दिले. जाणारा मनुष्यही पुरे काम करू शकतो, जर त्याने जाण्यापूर्वी घेणारा हात शोधला असेल तर.

आमच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात हा रात्रीचा भाग गळालेला आहे. दिवसाचा खराटा राहिला, कीर्तन गेले. सात दिवसांच्या शिबिरात गावकऱ्यांसमोर व्याख्याने होतात. त्यांत पर्यावरणाचे महत्त्व सांगितले जाते, जे शेतकऱ्याला व्याख्यात्याहून अधिक ठाऊक असते. त्याऐवजी एका संध्याकाळी नुसता रोपांचा हिशेब गावापुढे ठेवला तर? हे कडुनिंब बसथांब्याच्या कोपऱ्यावर लावले आहे, त्याच्या सावलीत पुढे ज्याचे चहाचे दुकान येणार त्याने ते घ्यावे. ही चिंच शाळेची, ती पाचवीच्या मुलांनी घ्यावी, कारण ती अजून पाच वर्षे येथेच आहेत. महाविद्यालयातल्या मुलांपेक्षा ती गावात अधिक मुरलेली असतात. जे रोप घेण्यास कोणीच पुढे येत नाही, ते लावूच नये. ते रोपवाटिकेतच बरे. शंभराचे चाळीस झाले तरी चालतील. आकडा कमी झाला म्हणून प्राचार्यांस वाईट वाटेल, त्याला इलाज नाही.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढी करून पंढरपुराहून परतते, तेव्हा सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर ह्या वाटेने येते. हजारो पावले चालून थकलेली असतात. त्यांतला एखादा वारकरी रस्त्याकडेच्या झाडाला टेकून बसतो, पायाचा काटा काढतो, पाणी पितो, उठून चालू लागतो. झाड कोणी लावले हे तो विचारीत नाही, आणि विचारावे अशी अपेक्षाही नाही. उत्सर्ग ह्यालाच म्हणतात.

पण विचारणारा एक दिवस गावात असावा. महाराष्ट्र दिनाची, १ मेची ग्रामसभा त्यासाठी फार सोयीची आहे. तो दिवस भर वैशाखाच्या तोंडावर येतो. जिवंत काय आणि मेलेले काय, ते त्या दिवशी लपत नाही. जुलैतल्या यादीऐवजी त्या दिवसाची यादी वाचावी: अमुक झाड अमुकाने घेतले, ते आहे, अमुक गेले, कशाने गेले. ती वाचण्याचे काम स्वयंसेवकांपैकी गावात उरलेल्या एखाद्या मुलीला द्यावे. आणि जो मुलगा तोवर पुण्यातल्या एखाद्या कारखान्यात पाळीवर उभा असेल, त्याने सुटीच्या त्या दिवशी गावी फोन करावा. आईची प्रकृती, धाकट्याचा निकाल, विहिरीचे पाणी हे सर्व विचारून झाल्यावर, बसथांब्याच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला यंदा मोहर आला होता का, हेही विचारावे.